वायर आधी कापायची

बंद पडलेली वस्तू दिसली की आमच्या भाऊजींचे हात आधी पुढे जातात आणि मागून भाऊजी. भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा ते कॉलेजात होते. माझ्या माहेरच्यांनी दिलेला मिक्सर त्यांनी पहिल्याच आठवड्यात वर्तमानपत्रावर उघडून मांडला होता. मिक्सर चांगला चालत होता. "बंद पडायच्या आधी ओळख करून घेतलेली बरी, वहिनी," असं म्हणाले. परत जोडला तेव्हा एक स्क्रू उरला. तो स्क्रू मी बटणांच्या डबीत ठेवलाय आणि मिक्सर अजून चालतोय.

पुढे त्यांनी हाच धंदा धरला. दवाखान्यांतली मशीनं दुरुस्त करणाऱ्या वर्कशॉपमध्ये लागले. सलाईनचे पंप, हृदयाचा आलेख काढायची यंत्रं, अशक्त बाळांना ठेवायच्या काचेच्या पेट्या. संध्याकाळी जेवताना बोलायचे तेही मशीनींबद्दल, जणू वॉर्डातून राउंड घेऊन आलेत. "आज एक पंप आला, अगदी धापा टाकत होता. सोडला पाठवून घरी." सासरे त्यांना डॉक्टर म्हणायचे, आणि हळूहळू सगळा जिना त्यांना डॉक्टर म्हणायला लागला. भाऊजी वरवर नको नको म्हणायचे, पण त्या हाकेला त्यांची मान जरा ताठ व्हायची ते मी बघितलंय.

मग कंपन्यांनी जुन्या मशीनींचे सुटे भाग बनवणं बंद केलं. दवाखाने म्हणाले, दुरुस्त कशाला, नवीनच घेऊ. वर्कशॉपच्या मालकांनी एक दिवस शटर ओढलं ते परत उघडलं नाही. भाऊजी काही महिने घरी होते. त्या काळात त्यांनी घरातला एकेक नळ इतका घट्ट बसवला की त्यांची बायको, म्हणजे माझी जाऊ, म्हणाली, "पाणी वाचवायची बरी युक्ती आहे. नळ उघडतच नाही म्हटल्यावर वापरणार कोण?"

नंतर त्यांना गावाबाहेरच्या एका शेडवर काम मिळालं. पहिले काही दिवस त्यांनी नीट सांगितलंच नाही. "दवाखान्याच्या मशीनींचंच आहे," एवढंच. मग कळलं की तिथे दवाखान्यांनी काढून टाकलेली मशीनं येतात आणि हे लोक ती तोडतात. तांबं वेगळं, प्लास्टिक वेगळं, बॅटऱ्या वेगळ्या.

"म्हणजे आधी डॉक्टर होतात," जाऊ म्हणाली, "आणि आता पोस्टमॉर्टेमला बसलात."

सगळे हसलो. भाऊजीही हसले, पण त्यांचे कान लाल झाले होते.

मी ती शेड एकदा बघितली. भाऊजी चष्मा घरी विसरले होते, तो द्यायला मी गेले होते. वाटलं होतं भंगाराचा ढीग असेल. ढीग कुठेच नव्हता. दाराशी प्रत्येक मशीन औषधाच्या पाण्याने पुसून घेत होते. पुढे लांब टेबलं, हातमोजे घातलेली माणसं आणि भिंतीला झाकणाची पिंपं. एक्स-रेच्या मशीनमधलं तेल एका पिंपात, शिशाचे पत्रे दुसऱ्यात. शेडवर एक बाई प्रमुख होत्या. पूर्वी मोठ्या हॉस्पिटलात नर्स होत्या म्हणून सगळे त्यांना सिस्टरच म्हणायचे. पांढरे केस घट्ट बांधलेले, आणि बोलताना समोरच्याच्या हातांकडे बघायची सवय.

भाऊजी ड्रिल मशीनवर होते. सोनोग्राफीच्या यंत्रातून काढलेली एक चपटी डबी शिकंज्यात धरून तिला आरपार भोकं पाडत होते.

"यात काय असतं?" मी विचारलं.

"माणसं असतात," सिस्टर म्हणाल्या. "नावं, वय, कुणाच्या पोटात काय होतं, कुणाच्या छातीत काय. मशीन भंगारात गेलं तरी हे सगळं आत तसंच. आपलं पोट भलत्याच माणसाने बघावं का?" मग भाऊजींकडे बघून म्हणाल्या, "हे डॉक्टर मी सांगते त्यापेक्षा दोन भोकं जास्तच पाडतात. चाळणी करतात अगदी."

पण ड्रिल नंतर. तिथला पहिला नियम वायरचा होता. मशीन पुसून आत आलं की सगळ्यात आधी त्याची विजेची वायर मुळातून कापायची. उघडायचं, सोडवायचं, मोजायचं ते सगळं मग. कारण सिस्टरनी त्यांच्या हॉस्पिटलच्या दिवसांत बघितलं होतं. काढून टाकलेलं मशीन कुणीतरी उचलतो, पुसतो, रंग मारतो आणि विकतो. ते पुन्हा कुणाच्या तरी छातीला लागतं. बघणाऱ्याला वाटतं, दिवा लागतोय म्हणजे चालतंय.

"पहिल्या दिवशी मला म्हणाले, अहो सिस्टर, हे चालू आहे," त्या हसत सांगत होत्या. "मी म्हटलं, म्हणून तर आधी कापायची. बंदला कोण हात लावतंय?"

भाऊजी खाली बघून ड्रिल पुसत होते. घरी आल्यावर मला म्हणाले, "बाकी सगळं जमतं, वहिनी. चालू मशीनची वायर कापताना मात्र हात धजत नाही. डोळे मिटून कापतो."

आमच्या खाली तळमजल्यावर शिंपीकाका राहायचे. पुढच्या खोलीत खिडकीशी त्यांचं शिलाई मशीन, मागच्या खोलीत संसार. काकू आणि लग्नाला आलेली एक मुलगी. आमच्या घरातला प्रत्येक पडदा, प्रत्येक फ्रॉक, माझ्या जावेचं प्रत्येक ब्लाउज त्यांच्या हातून गेलेलं. काकांची फुफ्फुसं हळूहळू थकत गेली. आधी जिना चढवेना, मग पायडल मारवेना, मग नुसतं बसूनही दम लागायला लागला. डॉक्टरांनी सांगितलं, आता घरी ऑक्सिजन लागेल, दिवसातला बराच वेळ. भाड्याने मशीन आणलं, पण ते भाडं त्या घराला झेपणारं नव्हतं. महिना संपला तसं मशीन परत गेलं. काकू म्हणायच्या, "दार उघडं ठेवलं की येते ना हवा. हवाच तर हवी." आणि काका खिडकीत तोंड धरून बसायचे.

येता-जाता भाऊजींना ते तोंड दिसायचं. आणि त्याच सुमाराला शेडवर नेमकी ऑक्सिजनची मशीनं आली, एका हॉस्पिटलने काढलेली, ओळीने. साध्या हवेतून ऑक्सिजन वेगळा काढून नाकात सोडणारी ती चाकांवरची पेटी असते, तसली. भाऊजींनी वायर कापायच्या आधी एकाचं बटण दाबून बघितलं. मशीन घरघरलं आणि नीट चालायला लागलं. त्यांनी ते बंद केलं आणि ओळीत मागे सरकवलं.

शेडवर एक रीत होती. मशीनींची आतून रिकामी झालेली खोकी कामगारांना घरी न्यायला मुभा होती. कुणी त्यात रोपं लावली होती, एका बाईने कोंबड्यांचं खुराडं केलं होतं. भाऊजींनीही एक दिवस सांगून-सवरून त्या मशीनचं रिकामं खोकं आणलं. त्याच्या पोटातलं मात्र, न कापलेल्या वायरसकट, डब्याच्या पिशवीतून, थोडं थोडं करून आलं. जाऊ डबा धुवायला घ्यायची तर आत पोळीच्या जागी नळी.

"अहो, हे काय आहे?"

"फुफ्फुसं," भाऊजी म्हणाले.

आणि मग आमच्या जेवायच्या टेबलावर ते मशीन पुन्हा उभं राहिलं. जाऊ ताटं हातात घेऊन उभी. "डॉक्टर झाले, पोस्टमॉर्टेम झालं, आता बाळंतपण माझ्या टेबलावर." पण तिच्या आवाजात कौतुक होतं. बऱ्याच दिवसांनी नवरा शिट्टी वाजवत काम करत होता.

बटण दाबलं. मशीन घरघरलं, बाटलीतल्या पाण्यातून बुडबुडे निघाले, नळीच्या टोकाला गार झुळूक लागली. थोड्या वेळाने समोर एक पिवळा दिवा लागला.

"हा कसला?" मी विचारलं.

"ऑक्सिजन कमी पडला की लागतो." भाऊजींनी मागचं झाकण काढलं, आत डोकावले. "पण हा खोटा आहे. या मॉडेलचे सेन्सरच आधी मरतात. वर्कशॉपमध्ये असे ढिगाने यायचे." त्यांनी आतली एक बारीक वायर उपसून काढली. दिवा विझला. "बघा. गेला."

दुसऱ्या दिवशी मशीन खाली गेलं. काकांनी नळी नाकात घातली, डोळे मिटले आणि म्हणाले, "हवा गोड लागते." काकूंनी पदर डोळ्यांना लावला. भाऊजी दारात उभे होते. परत डॉक्टर झाले होते.

काका फुकटचं घेणारे नव्हते. कुणाचं घेतलं तर काही दिल्याशिवाय त्यांना झोप यायची नाही. त्यांनी भाऊजींना शर्ट शिवायचं ठरवलं. आधी उरलेल्या कापडाचं मशीनसाठी कव्हर शिवलं, नळी ठेवायला कप्पा, बटणापाशी खिडकी. मग भाऊजींना समोर उभं केलं. नाकात नळी, गळ्यात टेप. एक माप घ्यायचे आणि खुर्चीवर बसून दम खायचे, मग पुढचं.

"काका, कशाला त्रास? माझा जुना शर्ट देतो, त्यावरून अंदाजाने बेता," भाऊजी म्हणाले.

"अंदाजाने पिशवी शिवतात," काका म्हणाले. "शर्टाला माप लागतं." आणि खांद्याचं माप पुन्हा घेतलं, कारण पहिल्या वेळी आपला हात हलला होता असं त्यांना वाटलं.

शर्ट झाला. फिकट निळा, बारीक रेघांचा. अंगावर असा बसला की जाऊ म्हणाली, "लग्नात असे दिसला असतात तर मी जरा हसून फोटो काढला असता."

भाऊजी रोज संध्याकाळी खाली जाऊन मशीनची जाळी धुऊन द्यायचे. काकांची तब्येत मात्र उतरणीला लागली होती. दिवसा गुंगी, सकाळी डोकं जड, नखं निळसर. आजारच तसा आहे, असं सगळे म्हणत होते. एकदा जिन्यात त्यांची मुलगी भेटली. बोटाला चिमट्यासारखं लावून रक्तातला ऑक्सिजन दाखवणारं यंत्र तिच्या हातात होतं.

"दादा, बाबांचा आकडा फार खाली दाखवतंय हे."

"हात गार असतात का त्यांचे?"

"हो, हल्ली गारच असतात."

"मग असंच दाखवणार. गार बोटावर हे हमखास चुकतं. हात चोळून गरम कर आणि मग लाव."

तिने तसं केलं. आकडा थोडा वर आला. तिने खालूनच हाक मारून सांगितलं, "दादा, बरोबर होतं तुमचं." त्यानंतर ती रोज हात चोळायची.

पुढे एका दुपारी काका खुर्चीतच कलंडले. हॉस्पिटलात नेलं, तिथून परत आले नाहीत. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला काकू तेच सांगायच्या. "वरच्यांनी मशीन आणून दिलं म्हणून एवढे दिवस तरी निघाले." लोक वळून भाऊजींकडे बघायचे. भाऊजी निळा शर्ट घालून दाराशी बसलेले असायचे. त्या दिवसांत त्यांना वाईट वाटत होतं, पण लाज नव्हती. लाज नंतर आली.

शेडवर त्याच ओळीतली बाकीची मशीनं वाट बघत पडली होती. त्यांचा नंबर लागला. या मशीनींच्या पोटात दोन उभे डबे असतात, त्यांत बारीक पांढरे दाणे भरलेले. हवेतलं नको ते हे दाणे धरून ठेवतात आणि ऑक्सिजन पुढे जाऊ देतात. डबा उघडून तिरका केला की दाणे साखरेसारखे घरंगळायला हवेत. भाऊजींनी पहिला डबा तिरका केला. काहीच पडलं नाही. ठोकला, तर आतून करडा गोळा निघाला, ओल्या पिठासारखा. दुसऱ्या मशीनचंही तेच. तिसऱ्याचंही.

"सिस्टर, ही मशीनं का काढली होती हो हॉस्पिटलने?"

"त्यांच्या तळघरात पाणी शिरलं होतं. तिथेच ओलाव्यात पडून होती. नंतर लावली तर सगळी पिवळा दिवा दाखवायला लागली." सिस्टर पुढच्या टेबलाकडे निघाल्या होत्या. "नशीब त्यांच्याकडे कुणी दिव्यावर विश्वास ठेवणारा होता."

हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा मला एवढंच दिसलं की निळा शर्ट दोरीवर येईनासा झाला. घरातले कपडे मीच वाळत घालते, कुणाचं काय धुवायला पडतं ते मला न बघताही कळतं. शर्ट कपाटात सगळ्यात खाली होता, घडी करून, वर जुन्या चादरी. भाऊजी तळमजल्यावरून जाताना पायातल्या चपला हातात घ्यायला लागले होते. जावेला वाटलं, काकांच्या आठवणीने हळवे झालेत.

मग एक दिवस जाऊ खालून आली ती बोलतच. "ताई, काकूंच्या बहिणीला रविवारी हॉस्पिटलातून सोडणार आहेत. त्या इथेच येतायत राहायला. त्यांनाही ऑक्सिजन लागणार म्हणे घरी. काकू म्हणाल्या, बरं झालं, मशीन आहे घरात."

भाऊजींनी चहाचा कप खाली ठेवला.

"ते मशीन खराब आहे," ते म्हणाले.

"मग करा की दुरुस्त," जाऊ म्हणाली. "तुमचंच तर बाळ आहे ते."

"दुरुस्त होण्यातलं नाही. तेव्हाही नव्हतं."

मी लसूण सोलत होते, ती सोलायची थांबले. त्यांनी दाण्यांचं सांगितलं, तळघराचं सांगितलं. पिवळ्या दिव्यापाशी आल्यावर थांबले. तो दिवा विझताना आम्ही दोघींनीही बघितलं होतं.

"काकांना त्यातून काय मिळत होतं, देव जाणे," म्हणाले. "ऑक्सिजन मोजायचं यंत्र असतं. जुन्या मालकांकडे आहे. नुसतं मागायला गेलो असतो तर हसून दिलं असतं. मी मोजलंच नाही, वहिनी. अंदाजाने पिशवी शिवतात."

मग जाऊ, जी एरवी कुणाला सोडत नाही, ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "अहो, पण आता काका तर गेले. त्या दोघींना कशाला सांगायचं? सर्व्हिसिंगला नेतो म्हणा आणि आणूच नका. मोडलं म्हणून सांगा. मशीन गेलं म्हणजे प्रश्न मिटला."

मलाही ते पटलं. खोटं कशाला सांगू.

भाऊजी उठले. "वहिनी, तुम्ही चला बरोबर," म्हणाले.

खाली काकांचं शिलाई मशीन झाकून ठेवलेलं होतं आणि त्याच्या शेजारी हे, काकांनी शिवलेल्या कव्हरमध्ये. कव्हरच्या कडेला मागाहून गोट लावला होता तो निळा, बारीक रेघांचा. भाऊजींच्या शर्टाचं उरलेलं कापड. मी ते त्या दिवशीच पहिल्यांदा बघितलं.

"सर्व्हिसिंगला नेतो म्हटलं मशीन," भाऊजी म्हणाले.

"त्याला काय झालंय?" काकू म्हणाल्या. "परवाच लावून बघितलं मी. छान आवाज येतोय."

"तरी एकदा बघतो."

"बघा बाई. तुम्हाला स्वस्थ बसवत नाही." काकू हसल्या. काका गेल्यावर पहिल्यांदाच हसताना बघत होते मी त्यांना.

मुलगी आतून आली. "दादा, पण रविवारच्या आत आणाल ना? मावशीसाठी भाड्याचं सांगून ठेवलं होतं, ते कालच नको म्हणून कळवलं मी. म्हटलं, आपलं आहे."

"आणतो," भाऊजी म्हणाले. किती सहज निघालं ते तोंडातून. त्यांनी मशीनच्या कडीला हात घातला, चाकांवरून ढकलत दारापर्यंत नेलं. मी दार धरायला पुढे झाले.

मागून काकू मुलीला म्हणाल्या, "जा ना, एक बाजू धर. ज्यांनी तुझ्या बाबांना एवढे दिवस दिले त्यांनाच हमाली करायला लावू नये."

भाऊजी उंबऱ्याशी थांबले. मशीन तिथेच ठेवलं. मग वळले आणि पुन्हा आत आले, आणि बसायला सांगितलं नसताना जमिनीवर बसले.

"काकू, हे मशीन मावशींना लावू नका. हे काकांनाही लावायला नको होतं."

सांगताना त्यांनी काही वगळलं नाही. शेडवरून लपवून आणलं, तेही सांगितलं. मी त्यांच्याकडे बघू शकत नव्हते म्हणून जमिनीच्या फरशीकडे बघत होते. फरशीच्या फटीत कधीचं तरी अडकलेलं एक बटण होतं.

मुलीनेच आधी विचारलं. "मग बाबांना किती ऑक्सिजन मिळत होता?"

"माहीत नाही."

"त्याच्यामुळे गेले?"

"तेही माहीत नाही. आता कळायचंही नाही कुणाला."

"आणि हात?"

भाऊजींनी मान खाली घातली.

"मी रोज हात चोळत बसायचे त्यांचे," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "तुम्ही सांगितलंत म्हणून. बाबा म्हणायचे, आज एवढी माया कशी आली? आणि मी त्या आकड्याकडे बघत असायचे, कधी वर चढतोय म्हणून. तो बरोबरच होता ना तेव्हा? पहिला, गार हातावरचा?"

"बरोबर असणार," भाऊजी म्हणाले.

काकू स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "त्यांना दम लागायचा तर मी रागवायचे. म्हणायचे, त्या माणसाने एवढं मशीन आणून दिलंय, तरी तुमचं रडगाणं संपत नाही. मग त्यांनी सांगायचंच सोडून दिलं."

मला वाटतं भाऊजींना सगळ्यात जास्त लागलं ते हे. शिवी दिली असती तर ती एका जागी लागली असती. त्यांची चूक आता या दोघींच्या हातात आणि तोंडात शिरली होती, आणि ती तिथून काढायला त्यांच्याकडे कुठलंही हत्यार नव्हतं.

काकू उठल्या. कव्हरच्या नाड्या सोडल्या, कव्हर काढलं आणि घडी घालून उशीखाली ठेवावं तसं शिलाई मशीनच्या खणात ठेवलं. त्याच खणातून काकांची कात्री काढली. त्या कात्रीने काका कुणाला साधा कागद कापू द्यायचे नाहीत. लहानपणी माझ्या मुलाने एकदा पतंगासाठी मागितली होती, तर त्याला कात्रीऐवजी चॉकलेट मिळालं होतं.

"तुमच्याकडे आधी वायर कापतात ना?" काकू म्हणाल्या. "तुम्हीच सांगत होतात ह्यांना, कौतुकाने."

"काकू, कात्रीला खाच पडेल."

"पडू दे."

भाऊजींनी सवयीने आधी पिन भिंतीत नाही ना ते बघितलं. मग वायर मुळाशी धरली. या वेळी त्यांनी डोळे मिटले नाहीत. कापडाची कात्री ती, तांब्याला दाद देईना. दुसऱ्यांदा जोर लावावा लागला. काकूंनी कात्री त्यांच्या हातातून घेतली, पात्याकडे न बघता खणात टाकली आणि म्हणाल्या, "न्या आता."

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊजींनी सिस्टरनाही सांगितलं. काढून टाकतील असं धरून गेले होते, डबाही नेला नव्हता. सिस्टरनी सगळं ऐकून घेतलं, नेहमीसारखं त्यांच्या हातांकडे बघत.

"काढलं तर तुम्ही कुठेतरी परत दुरुस्त करत बसाल," त्या म्हणाल्या. "इथेच राहा, माझ्या नजरेसमोर. वायर कापायच्या टेबलावर." आणि त्याच दिवसापासून रिकामी खोकी घरी न्यायची रीत बंद झाली. सगळ्यांचीच. जिचं खुराडं होतं त्या बाईला आणखी एक हवं होतं. ती आता भाऊजी समोरून गेले की म्हणते, "डॉक्टरांची कृपा." शेडवर आता डॉक्टर म्हणतात ते असं.

मुलीने भाड्याचं मशीन परत सांगितलं. ते आलं त्या दिवशी भाऊजी जुन्या मालकांकडून मोजायचं यंत्र मागून आणून खालच्या दारात उभे राहिले. आत या, असं कुणी म्हटलं नाही आणि नका येऊ, असंही नाही. त्यांनी यंत्र नळीला लावून ते मुलीच्या हातात दिलं. आकडा तिनेच वाचला. आजूबाजूचे दिवे तिनेच बघितले. "ठीक आहे," म्हणाली. पूर्वी यापुढे 'दादा' असायचं.

शर्ट परत द्यायला ते एकदा गेले होते, वर्तमानपत्रात गुंडाळून. काकूंनी दार उघडलं, पुडी बघितली.

"तुमच्या मापाचा आहे," म्हणाल्या. "दुसऱ्या कुणाला होणार तो?" आणि दार हळूच लोटून घेतलं.

वायर कापलेलं ते मशीन बरेच दिवस शेडच्या कोपऱ्यात पडून होतं. सिस्टरनी ते दुसऱ्या कुणाला तोडायला दिलं नाही. मग एका सकाळी भाऊजी कामावर निघाले तेव्हा अंगात निळा शर्ट होता. जावेने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे.

संध्याकाळी ते आले, हातपाय धुतले, जेवले. आत काय निघालं, दाणे घरंगळले की नाही, हे त्यांनी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. शर्ट धुवायला पडला होता. मी खिसे उलटे करून बघते, नेहमीची सवय. वरच्या खिशाच्या शिवणीत करडं काहीतरी बसलं होतं, ओल्या पिठासारखं. नखाने खरवडून काढावं लागलं. काकांची शिवण इतकी बारीक होती की त्यातून ते सगळं निघालं नाही.

शर्ट मी वेगळा धुतला आणि दोरीवर अशा बाजूला घातला, की खालच्या खिडकीतून दिसणार नाही.